वेणीवालीचं वजन

वेणीवालीचं वजन कमी भरलं, तेव्हा भिंगवाल्यांनी आधी दुकानाच्या दाराला आतून कडी घातली. मग काट्यावर फुंकर मारली. मग चष्मा पुसला. मग, न जाणो हाताचा भार पडत असेल, म्हणून मनगटावरचं घड्याळ काढून लांब ठेवलं आणि पुन्हा तोललं. तेवढंच. असायला हवं त्यापेक्षा किंचित कमी. फरक म्हणाल तर मुंगीच्या डोक्याएवढा. पण संशयाला आत शिरायला मुंगीच्या डोक्याएवढं भोक पुष्कळ होतं. शिरताना तो मुंगीएवढा असतो आणि बाहेर पडताना दार मोडावं लागतं.

वेणीवाली म्हणजे कुणी शेजारपाजारची बाई नव्हे. बाई खरी, पण सोन्याची, आणि तीही नाण्यावरची. ती स्वित्झर्लंडची. तिच्या जोडीला एक कोंबडा होता तो फ्रान्सचा, एक दाढीवाला राजा बेल्जियमचा, एक मिशाळ राजा इटलीचा आणि एक तोंड वळवून बसलेला राजा ग्रीसचा. ही पाचही मंडळी खोकल्याच्या गोळ्यांच्या एका जुन्या पत्र्याच्या डबीत, कापसावर, गुण्यागोविंदाने नांदत होती. त्यामागे मोठा इतिहास होता आणि तो इतिहास भिंगवाले गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर काढता काढता फुकट ऐकवत.

"दीडशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे," ते गिऱ्हाइकाच्या नाकावर काच चढवत सांगत. "चार देश एकत्र आले. म्हणाले, नाण्यावर तोंड ज्याचं त्याचं, पण वजन एक आणि कस एक. तुझं नाणं माझ्या बाजारात चालेल, माझं तुझ्या. मागून ग्रीसही आला. नाव काय? तर लॅटिन चलनसंघ. आता खालची ओळ वाचा."

"मग पुढे काय झालं संघाचं?" एखादं गिऱ्हाईक विचारी.

"पुढे काहींनी चांदीच्या नाण्यांत चांदी कमी घातली, आणि सगळे एकमेकांकडे असे बघायला लागले," असं म्हणून भिंगवाले डोळे बारीक करून दाखवत. "खालची ओळ दिसत नाही ना? मग नंबर वाढलाय."

ही नाणी भिंगवाल्यांच्या एकट्याची नव्हती. निम्मी मालकी त्यांच्या साडूंची. साडू दातांचे डॉक्टर. खाली रस्त्याला लागून दोन गाळे, एकात चष्म्यांचं दुकान, दुसऱ्यात दवाखाना, आणि बाहेर दोघांच्या गिऱ्हाइकांना मिळून एकच बाक. वर माडीवर दोन बिऱ्हाडं. भिंगवाल्यांकडे थोरली बहीण, डॉक्टरांकडे धाकटी, आणि दोन्ही बिऱ्हाडांच्या मधोमध एकच मोठं स्वयंपाकघर, त्याला दोन दारं. बहिणींनी लग्नाआधीच बजावून ठेवलं होतं की चूल एक राहील, नवरे दोन असले तरी. म्हणून चलनसंघाची गोष्ट पहिल्यांदा वाचली, त्या दिवशी दोघे साडू एकदम म्हणाले होते, "अरे, हे तर आपलंच घर!" त्याच उत्साहात वर्षानुवर्षं काटकसर करून त्यांनी पाच देशांची पाच नाणी जमवली. डबी सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. देताना कुणी उघडून बघत नसे आणि घेताना कुणी मोजत नसे.

मग भिंगवाल्यांनी आताच का तोललं? तर बाजारात एक खिशात मावणारा काटा स्वस्तात मिळाला म्हणून. नवा काटा हाती आला की माणूस काहीतरी तोलणारच. आधी त्यांनी बटण तोललं, मग भिंग तोललं, मग बायकोची अंगठी तोलायला मागितली तर ती म्हणाली, "माझी तोला, पण आधी तुमची अक्कल तोला." तेव्हा उरली ती वेणीवाली.

"अहो, कडी का लावलीय? चहा थंड होतोय," थोरली दार ठोठावत होती.

भिंगवाल्यांनी डबी पोटाशी धरून दार उघडलं. "काय गं, डॉक्टरांकडे सध्या सोन्याचे दात फार बसतायत का?"

"मला काय ठाऊक? मी काय त्यांच्या पेशंटांच्या तोंडात डोकावायला जाते?"

"कुणीतरी डोकावायला पाहिजे," भिंगवाले म्हणाले आणि चहात साखर समजून त्यांनी घड्याळच टाकलं असतं, थोरलीने हात धरला म्हणून वाचलं.

त्या दिवसापासून भिंगवाले गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपेक्षा दातांकडे जास्त बघू लागले. दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरचा शिंपी सुईत दोरा जात नाही अशी तक्रार घेऊन आला.

"वरची ओळ वाचा," भिंगवाले म्हणाले. शिंप्याने वाचली. "मधली वाचा." वाचली. "आता आ करा."

"आ कशाला?"

"डोळ्याची एक शीर दाढेखालून जाते. अलीकडेच शोध लागलाय."

शिंप्याने आ केला. डाव्या बाजूला, वरच्या ओळीत, सोनं असं लखलखलं की भिंगवाल्यांना क्षणभर तिथे कोंबडा आरवल्याचा भास झाला.

"हा कुठे बसवलात?"

"इथंच, तुमच्या साडूंकडे. मस्त बसवलाय ना? आता सगळे म्हणतात हसत जा म्हणून."

"आणि सोनं कुठलं म्हणाले डॉक्टर?"

"ते काही विचारलं नाही बुवा. म्हणाले, काळजी करू नका, घरातलंच समजा."

घरातलंच! भिंगवाल्यांच्या हातून भिंग निसटलं. शिंप्याला त्यांनी भलताच नंबर लिहून दिला. त्यामुळे पुढे आठवडाभर गल्लीतल्या लोकांच्या विजारींचा एक पाय लांब आणि एक आखूड होता, पण तो वेगळा विषय.

आता चोर कोण हे कळलं होतं, पण पुरावा हवा होता. डॉक्टर सोनं कानस मारून काढत असतील आणि वर हलक्या धातूचं पाणी चढवत असतील, तर कस लावल्यावर कळेल. भिंगवाले वेणीवालीला रुमालात गुंडाळून सोनाराकडे गेले. सोनार जुना, कामाला चोख, स्वभावाने गोड. त्याने काळा गुळगुळीत कसोटीचा दगड पुढे ओढला आणि नाण्याची कड त्यावर हलकेच घासली.

"असं नको, सोनारकाका, गोंजारल्यासारखं. दाबून घासा. वरच्या पापुद्र्यावर माझा विश्वास नाही."

"दाबून घासतो की. तुमचं नाणं, तुमची मर्जी." सोनाराने दाबून घासलं. दगडावर पिवळी धमक रेघ उठली. तिच्यावर त्याने कसलेसे थेंब टाकले. रेघ जागची हलली नाही. "सोनं अस्सल आहे, साहेब. दहातले नऊ भाग."

"दुसऱ्या बाजूनेही बघा."

दुसऱ्या बाजूनेही अस्सल. मग सोनाराच्या काट्यावर तोललं तर दुकानातल्यापेक्षा आणखी केसभर कमी! भिंगवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. घरून निघाले तेव्हा एक वजन, इथे पोहोचेपर्यंत दुसरं. वाटेत काय झालं? वाटेत फक्त एवढंच झालं होतं की चपलेतला खडा काढायला ते बाकावर टेकले होते आणि डॉक्टर दवाखान्याच्या दारात उभे होते. रुमालाचा खिसा डॉक्टरांच्या बाजूला होता.

"हातचलाखी!" भिंगवाले पुटपुटले. "दात उपटताना पेशंटला कळत नाही म्हणतात, ते उगाच नाही."

महिनाअखेर डबी द्यायची पाळी आली. दरवेळी ती जेवताजेवता ताटाशेजारी सरकवली जायची. यावेळी भिंगवाले काटा घेऊन आले.

"मोजून देतो, डॉक्टर."

डॉक्टरांचा घास तोंडातच राहिला. "मोजून? साडूबुवा, आपण आजवर कधी मोजलंय?"

"म्हणूनच."

डॉक्टर भला माणूस, पण मानी. त्यांनीही दवाखान्यातून पावडरी तोलायचा नाजूक काटा आणला. त्यांच्या काट्यावर वेणीवाली आणखी हलकी भरली, कारण काटे आणि साडू कधीच अगदी एकसारखे नसतात.

"कमी तर आहेच," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "पण डबी इतके दिवस होती कुणाकडे? तुमच्याकडे."

"म्हणजे माझ्यावर?"

"मी कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त विचारतो, तुमच्या काचेच्या कपाटात त्या ज्या सोनेरी काड्यांच्या फ्रेमा आल्यात, त्यांना मुलामा कुठून देता?"

"डॉक्टर!"

"दात दाखवू नका, साडूबुवा. दाखवायचे असतील तर खाली या, तपासून देतो."

धाकटी हसायला लागली. थोरलीने तिला कोपराने ढोसलं, पण तीही हसतच होती. त्यांना वाटलं, पुरुषांचं भांडण म्हणजे दुधावरची साय, फुंकर मारली की बाजूला होते. इथे मात्र दूध नासायला लागलं होतं.

दोघा साडूंनी नवा करार केला. डबी आता सहा महिन्यांनी नव्हे, महिन्याने बदलायची, आणि बदलताना सोनाराकडे जाऊन दोघांच्या समक्ष कस लावायचा. पहिल्याच वेळी भिंगवाले म्हणाले, "माझ्यासमोर एक रेघ." डॉक्टर म्हणाले, "आणि माझ्यासमोर एक." मग दोघांच्या रेघा जुळतात की नाही हे बघायला तिसरी. मग वेणीवालीलाच का, बाकीच्यांनाही बघू, म्हणून कोंबड्याला घासलं, दाढीवाल्याला घासलं, मिशाळाला घासलं आणि तोंड वळवून बसलेल्यालाही घासलं. पुढच्या महिन्यात वजन केलं तर पाचही जण कमी!

"बघा!" भिंगवाले म्हणाले. "एका महिन्यात! तेही तुमच्याकडे!"

"तुमच्याकडून आले तेव्हाच उपाशी होते!" डॉक्टर म्हणाले.

महिना फार मोठा पडतो, चोराला उसंत मिळते, असं दोघांचंही मत पडलं. आठवड्यावर आले. आठवड्यानेही कमीच भरायला लागल्यावर रोजावर आले. सोनार सकाळी दुकान उघडायच्या आधी हे दोघे पायरीवर बसलेले असत, एक या टोकाला, एक त्या टोकाला, मध्ये डबी. सोनार दगड पुसून तयारच ठेवी. चहाही पाजी. असा प्रेमळ सोनार गल्लीत दुसरा नव्हता.

"या, साहेब. या, डॉक्टर. आज दाबून की हलक्याने?"

"दाबून!" दोघे एकदम म्हणत. तेवढ्याच एका बाबतीत त्यांचं अजून एकमत होतं.

घासता घासता कोंबड्याचा तुरा गेला, मिशाळाच्या मिशीचं एक टोक गेलं आणि वेणीवालीची वेणी तर अशी झिजली की तिने केस कापून घेतलेत की काय असं वाटावं. भिंगवाले भिंगाखाली तिचा चेहरा बघत आणि दातओठ खात. इतकी निर्दय कानस! आणि तीही आपल्या माणसाची!

घरातही सरहद्द पडली. भिंगवाल्यांनी फर्मान काढलं की आपली साखर वेगळी. डॉक्टरांनी उलट काढलं की आपलं मीठ वेगळं. मग चहा गोड झाला की भाजी अळणी आणि भाजी चवीची झाली की चहा बेचव.

"अहो, मीठ त्यांच्याकडे आहे, साखर आपल्याकडे. मी भाजीत साखर घालू का?" थोरलीने विचारलं.

"घाल. पण मोजून."

सगळ्यांत वाईट गोष्ट भिंगवाले कुणाला सांगत नव्हते. संध्याकाळी दुकान आवरलं की दोघे साडू बाकावर बसून दिवसभराच्या गिऱ्हाइकांच्या नकला करत, ते बंद झालं होतं. परवा एक बाई चष्मा डोक्यावर ठेवून हरवलेला चष्मा शोधायला आली होती. एवढा सोन्यासारखा किस्सा, पण सांगायचा कुणाला? भिंगवाल्यांनी तो थोरलीला सांगून बघितला. ती म्हणाली, "मग? तुम्ही नाही का तेच करत?" डॉक्टर असते तर गुडघ्यावर थाप मारून हसले असते. या वयात नवा मित्र कुठून आणायचा? आणि आणला तरी तो हसतो कसा, कुणाला ठाऊक.

पण संशय असा चिवट, की ज्याची आठवण येत होती त्याच्याच खिशाकडे नजर जात होती. शेवटी एका सकाळी वेणीवाली इतकी हलकी भरली की दोघांनीही, एकमेकांना न सांगता, एकाच गवंड्याला बोलावलं. स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत घालायची.

गवंड्याने फूटपट्टी लावली, डोकं खाजवलं. "भिंत घालतो, पण शेगडी या बाजूला येतेय आणि नळ त्या बाजूला. मग शिजवणार कोण आणि भांडी घासणार कोण?"

"आमच्याकडे शेगडी," भिंगवाले म्हणाले.

"ठीक आहे. पाणी न घालता काय शिजतं ते आम्ही इकडून वासावरून ओळखू," डॉक्टर म्हणाले.

इतके दिवस हसणाऱ्या धाकटीने पदर खोचला. "भाऊजी, घाला भिंत. खुशाल घाला. पण ताई आणि मी शेगडीच्या बाजूला राहणार. तुम्ही दोघं नळाच्या बाजूला राहा. एकमेकांवर नजर ठेवा आणि पाणी पिऊन जगा."

"बरोबर बोलली," थोरली म्हणाली. "गवंडीदादा, उद्या विटा घेऊन या. आणि तुम्ही दोघं चला सोनाराकडे. भिंत पडण्याआधी आम्हालाही बघू दे, रोज सकाळी तिथे असं काय सोनं पिकतंय ते."

अशी वरात निघाली. पुढे बहिणी, मागे दोन काटे घेतलेले दोन साडू. बहिणी त्या दुकानात या भानगडीनंतर पहिल्यांदाच आल्या. सोनाराने नेहमीप्रमाणे दगड पुढे ओढला. त्या सकाळी तो पुसायचा राहून गेला होता. धाकटी वाकून बघायला लागली.

"सोनारकाका, हा दगड सोन्याचा आहे का हो?"

"छे, बाई. काळाच दगड आहे."

"मग पिवळा का दिसतोय?"

"ती या साहेबांची आणि डॉक्टरांची कालची वर्दळ."

"म्हणजे या रेघा…"

"सोनंच की. रेघ उमटायची तर काहीतरी उतरायला नको का? पेन्सिल झिजते तसं."

भिंगवाल्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी दगडाकडे.

"आणि दगड भरला की काय करता?" थोरलीने विचारलं.

"मेणाने पुसून घेतो."

"आणि मेणाचं?"

"जाळतो."

"आणि मेण जळल्यावर जे राहतं त्याचं?"

सोनार छताकडे बघायला लागला. तेवढ्यात आतून त्याची बायको सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. वाकून पेले ठेवताना तिच्या कानांत दोन कोरी करकरीत फुलं चमकली.

"अगंबाई, नवीन का?" धाकटीने विचारलं.

"हो ना!" सोनारीण खुलली. "इतकी वर्षं मागत होते. यंदा ह्यांना काय सुचलं कोण जाणे. म्हणाले, देवमाणसं आहेत गिऱ्हाईक, रोज येतात."

थोरलीने नवऱ्याच्या खिशातलं भिंग काढलं आणि त्याच्याच डोळ्याला लावलं. "बघा. ती तुमच्या वेणीवालीची वेणी. ओळखता येतेय का?"

कान टोचावेत तर सोनारानेच म्हणतात. इथे त्याने दोन साडूंचे टोचले होते आणि फुलं स्वतःच्या बायकोला घातली होती. सोनाराला बोलायचं तरी काय? रोज 'दाबून' म्हणून हट्ट यांनीच केला होता.

डॉक्टरांनी घसा खाकरला. "पण सगळ्यांत पहिल्यांदा, कस लावायच्या आधीच, वजन कमी भरलं होतं. त्याचं काय?"

"विकत घेतलंत तेव्हा तोललं होतंत?" थोरलीने विचारलं.

"तेव्हा कशाला तोलू?" भिंगवाले पटकन बोलून गेले. "तेव्हा डॉक्टर बरोबर होते."

बोलल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. शंभर वर्षं खिशाखिशांतून फिरलेलं नाणं, ते घेतलं तेव्हाच झिजलेलं असणार, हे त्यांना त्या दिवशीही सुचलं असतं. पण त्या दिवशी हातात काटा होता.

"आणि तो शिंप्याचा दात?" त्यांनी हळूच विचारलं.

"तो?" डॉक्टर कुजबुजले. "सोनं कसलं, साडूबुवा! सोनेरी आहे नुसता. पैसे नव्हते बिचाऱ्याकडे. म्हटलं, घरातलाच माणूस समजतो, काळजी करू नका. आणि तुमच्या त्या फ्रेमा?"

"रंग आहे हो. पावसात धुऊन जातो."

दोघांना हसू आलं. मग दोघांनी एकदम सोनाराकडे असं बघितलं की त्याने चहाचे पेलेही उचलून आत नेले. समेट झाला असं साडूंना वाटलं. थोरलीला वाटलं नाही.

"आज झाला समेट," ती म्हणाली. "उद्या पुन्हा कुणीतरी काटा काढेल. नाणी असतील तोवर तोलली जाणार, तोलली जातील तोवर झिजणार. गवंडी उद्या येतोय. त्याला परत पाठवायचं असेल तर ही नाणी आम्हाला द्या. आम्ही बांगड्या करून घेतो. एक तिला, एक मला. एका साच्यात, एका वजनाच्या. नाणी की स्वयंपाकघर, बोला."

भिंगवाल्यांनी डबी उघडली. चार देशांनी मिळून ठरवलेलं, पाचव्याने मागून मान्य केलेलं वजन त्यात पडलं होतं, आणि आता त्यातलं एकही त्या वजनाचं नव्हतं. वेणीवालीचं नाकही गेलं होतं. तरी ती वेणीवालीच होती. तिच्यासाठी त्यांनी दोन हिवाळे जुना कोट वापरला होता. त्यांनी डबी पुढे सरकवली, पण ती अर्ध्यावर अडली. मग दिसलं की डबीच्या दुसऱ्या कडेला डॉक्टरांचा हात आहे, आणि तोही ढकलतोच आहे, त्याच दिशेने.

बांगड्या झाल्या. यावेळी बहिणी सोनाराच्या समोर, त्याच्या बायकोच्या शेजारी बसून राहिल्या, त्यामुळे मेण वगैरे काही मध्ये आलं नाही. गवंड्याला परत पाठवलं. त्याने येण्याजाण्याची मजुरी म्हणून दोन्ही घरचं जेवण एकाच ताटात खाल्लं. मीठ आणि साखर पुन्हा एका फळीवर आली. संध्याकाळी बाकावर डोक्यावर चष्मा ठेवून चष्मा शोधणाऱ्या बाईचा किस्सा झाला आणि डॉक्टरांनी गुडघ्यावर अशी थाप मारली की बाकावरचा एक दाढदुखीवाला पेशंट दचकून बरा झाला.

बरेच दिवस असे सुखात गेले. मग एका संध्याकाळी बाकावर चहा चालला असताना माडीवरून आवाज आला.

"ताई, तुझी जरा जाड दिसतेय गं."

"माझी? चल! तुझीच जाड आहे. तू त्या सोनारणीशी गुलुगुलु बोलत बसली होतीस ना."

"मी कुठे बोलत होते? तूच साच्यापाशी बसली होतीस."

त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. बहिणी भांडत असतात तोवर भीती नसते. बहिणी गप्प झाल्या की नवऱ्यांनी पाय आवरून बसावं. जिन्यावर पावलं वाजली. दोघी खाली आल्या, दोघींचे हात मोकळे. दोन बांगड्या त्यांनी नवऱ्यांपुढे धरल्या.

"डॉक्टरांच्या काट्यावर जरा तोलून सांगा," थोरली म्हणाली. "माझं काही म्हणणं नाही. हिची शंका फिटू दे."

"माझी कसली शंका? तुझीच फिटू दे," धाकटी म्हणाली.

दोघे साडू बांगड्या घेऊन दवाखान्यात गेले आणि दार लावून घेतलं. डॉक्टरांनी काट्याच्या एका पारड्यात थोरलीची बांगडी ठेवली, दुसऱ्यात धाकटीची. पारडं झुकलं. मुंगीच्या डोक्याएवढं नव्हे, चांगलं मुंगळ्याएवढं झुकलं. धाकटीची जड होती.

डॉक्टर पांढरेफटक पडले. भिंगवाल्यांच्या मनात एकदा येऊन गेलं, की सांगायला काय हरकत आहे? नुकसान आपल्या बायकोचं झालंय. खरं बोलणं हा काही गुन्हा नाही. मग त्यांच्या डोळ्यांपुढे विटांचा ढीग आला, शेगडी बायकांच्या बाजूला गेलेली, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणी नाही.

"किती दिसतंय, डॉक्टर?"

"तुम्ही सांगा, साडूबुवा. नजर तुमची."

भिंगवाल्यांनी सावकाश चष्मा काढला आणि खिशात ठेवला. "मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही. काट्याचा काटा मधोमधच असावा असं वाटतं."

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि आपलाही चष्मा काढला. तो भिंगवाल्यांच्याच दुकानातला होता, नंबर बराच मोठा. ते काट्यावर वाकले. "हो की. अगदी मधोमध."

दोघे चाचपडत बाहेर आले. भिंगवाल्यांच्या दोन्ही हातांत एकेक बांगडी होती.

"सारख्याच," दोघे एका सुरात म्हणाले.

"नीट बघितलंत?" थोरलीने विचारलं.

"डोळ्यांत तेल घालून," डॉक्टर म्हणाले.

असं खोटं त्या घरात कधी बोललं गेलं नव्हतं, आणि दोघांनीही ते अगदी सारख्या वजनाचं बोललं होतं. दोघी बहिणी एकमेकींकडे बघून हसल्या. थोरलीने भिंगवाल्यांच्या उजव्या हातातली बांगडी उचलली, धाकटीने डाव्या हातातली. दोघी हातात चढवून, गळ्यात गळा घालून, जिना चढून वर गेल्या. थोडा वेळ वरून फक्त भांड्यांचा आवाज येत राहिला, आणि तो एकाच नळाखालचा होता.

बाकावर चहा निवून गेला होता, तरी दोघे पीत बसले. डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. जिन्याकडे बघितलं. मग बशीकडे. मग हळूच भिंगवाल्यांकडे.

"साडूबुवा, एक विचारू? दवाखान्यातून निघताना जड बांगडी तुमच्या डाव्या हातात होती ना हो?"

"मी कसं सांगू, डॉक्टर?" भिंगवाले चहाचा घोट घेत म्हणाले. "मला तर काहीच दिसत नव्हतं."